बरे होणे आणि बरे वाटणे

अभ्यासपाठ : शेवटच्या आजारात आपल्या माणसाची सोबत
शास्त्रवाचन : ईयोब २:११–१३, मार्क १४:३–९, योहान ९:१–३, योहान १९:२५–३०



कर्करोगाच्या रुग्णाला घेऊन मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात खेपा घालणाऱ्या कुटुंबाला एखाद्या दिवशी एक वाक्य ऐकावे लागते : “आता यांना घरी घेऊन जा.” पाड्यावरून आलेल्या माणसाला त्याचा एकच अर्थ लागतो. आता करण्यासारखे काही राहिले नाही. मग दोनपैकी एक गोष्ट घडते. काही कुटुंबे रुग्णाला घरी आणून कोपऱ्यातल्या खाटेवर ठेवतात आणि त्याचे कण्हणे ऐकत दिवस मोजतात. काही कुटुंबे हार मानत नाहीत. बैल विकतात, वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेतात आणि कोणी सांगेल त्या दुसऱ्या दवाखान्याकडे, तिसऱ्या वैदूकडे धावतात. दोन्ही घरांतले प्रेम खरे असते, पण रुग्णाच्या वाट्याला मात्र दोन्हीकडे वेदनाच येते.

बेव्हर्ली पार्कमधल्या आमच्या कामात डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार, मोखाडा या भागांतली अशी कुटुंबे भेटतात. परळला जाताना किंवा तिथून परतताना ती वाटेत थांबतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्याबरोबर उभ्या राहणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांसाठी हा पाठ आहे.

आपल्या भाषेत दोन साधे शब्दप्रयोग आहेत : ‘बरे होणे’ आणि ‘बरे वाटणे’. आजार जाणे म्हणजे बरे होणे. दुखणे थांबणे, रात्री झोप लागणे, तोंड ओले राहणे, मनावरचा भार हलका होणे, आपले माणूस जवळ असणे म्हणजे बरे वाटणे. ‘घरी न्या’ या शब्दांनी पहिला रस्ता बंद होतो, दुसरा होत नाही. खरे तर दुसऱ्या रस्त्यावरचे काम तिथूनच वाढते आणि त्यातले बरेचसे घरच्या माणसांच्या हातात असते. या पाठात एवढी एकच गोष्ट समजून घ्यायची आहे.

हा रस्ता कोणी दाखवला

१९४८ साली लंडनच्या एका रुग्णालयात डेव्हिड टास्मा नावाचा पोलिश ज्यू निर्वासित कर्करोगाने मरणपंथाला लागला होता. त्याला भेटायला येणारी रुग्णालयातली समाजसेविका होती सिसिली सॉन्डर्स. त्या आधी परिचारिका होत्या. मरणाऱ्या माणसाला कशाची गरज असते, यावर दोघे बोलत. जाताना त्याने आपल्याजवळचे ५०० पौंड त्यांच्या कामासाठी ठेवले. पुढे सॉन्डर्स डॉक्टर झाल्या आणि १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. त्यांची मुख्य शिकवण अशी की मरणाऱ्या माणसाची वेदना चार प्रकारची असते : देहाची, मनाची, संसाराची आणि आत्म्याची. एकीकडे दुर्लक्ष झाले, तर बाकीच्या तिन्ही वाढतात.

आपल्या देशातले पहिले हॉस्पिस मुंबईतच उभे राहिले. टाटा मेमोरियल रुग्णालयातील कर्करोग शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ साली वांद्र्याला, माउंट मेरीच्या परिसरात शांती अवेदना सदन स्थापन केले. ज्यांच्यावरचे उपचार संपले आहेत अशा कर्करुग्णांची तिथे विनामूल्य सेवा होते. गोवा आणि दिल्ली येथेही या संस्थेची केंद्रे निघाली. ‘अवेदना’ म्हणजे वेदना नसणे. संस्थेच्या नावातच तिचे काम सांगितलेले आहे. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये १९९६ पासून याच सेवेचा स्वतंत्र विभाग आहे. तिला ‘पॅलिएटिव्ह केअर’ किंवा ‘उपशामक सेवा’ म्हणतात. ‘घरी न्या’ असे सांगितले गेले, तर निघण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारावा : “उपशामक सेवेचा विभाग कुठे आहे? आम्हाला तिथली चिठ्ठी द्या.” या एका प्रश्नाने पुढचे सगळे दिवस बदलू शकतात.

१. देहाची वेदना

वेदना सोसणे हा धर्म आहे, असे काही ख्रिस्ती घरांत मानले जाते. पाड्यांवर वेगळ्या शब्दांत तेच ऐकू येते : “दुखणारच, मोठा आजार आहे.” पण वेदना शमवण्यात पाप नाही आणि कमीपणाही नाही. शेवटच्या घटकेला आपल्या प्रभूनेही तहान लागल्याचे सांगितले, आणि कोणीतरी स्पंज भिजवून त्याच्या ओठांना लावला. दुखते आहे, तहान लागली आहे असे सांगणे म्हणजे विश्वासाची कमतरता नव्हे.

कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे प्रमुख औषध आहे. ते अफूपासून बनते म्हणून लोक घाबरतात. आपल्या देशात अफूची परवानाधारक शेती होते, पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातील कडक शिक्षांच्या धास्तीने डॉक्टर आणि दुकानदार या औषधापासून दूर राहिले आणि कित्येक रुग्ण त्याविना तळमळत गेले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणे सोपे झाले. आजही ते प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. मान्यताप्राप्त संस्थेतून, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. म्हणून गावी परतण्यापूर्वीच विचारून घ्यावे : गोळ्या किती दिवसांच्या आहेत? संपल्यावर जवळात जवळ कुठे मिळतील? रुग्णाला न आणता नातेवाइकाला घेता येतील का?

घरच्यांनी लक्षात ठेवायच्या गोष्टी अशा :

• गोळी घड्याळाप्रमाणे द्यावी, दुखायला लागण्याची वाट पाहू नये. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो. घरात घड्याळ नसेल, तर मोबाइलचा गजर लावावा.
• वेदनेसाठी, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन सहसा लागत नाही, आणि योग्य मात्रेत दिल्याने मरण लवकर येत नाही. वेदना वाढली तर डॉक्टर मात्रा वाढवतात. आपल्या मनाने मात्रा वाढवू नये किंवा औषध एकदम बंदही करू नये.
• बद्धकोष्ठ होतेच. त्यासाठी पोट साफ होण्याचे औषध सुरुवातीपासून बरोबर मागून घ्यावे. पहिले काही दिवस मळमळ व गुंगी येते, ती बहुधा कमी होते.
• गोळ्या कुलपात, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. उरलेल्या गोळ्या संस्थेला परत कराव्यात.

तोंडाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगात जखम उघडी पडते आणि तिला वास येतो. त्या वासामुळे नातवंडे दूर राहतात, शेजारी येईनासे होतात, आणि रुग्ण शरमेने तोंडावर फडके ओढून घेतो. या वासावर उपाय आहे. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून जखम धुवावी, स्वच्छ सुती कापडाने झाकावी, माश्या बसू देऊ नयेत. वास कमी करणारी औषधे डॉक्टर लिहून देतात. लाजेमुळे रुग्ण हे विचारत नाही, म्हणून आपण विचारावे. वास कमी झाला की माणसे पुन्हा जवळ येऊन बसतात.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी. पाठ, माकडहाड, टाचा रोज पाहाव्यात. कातडी लाल दिसू लागली, तर त्या जागेवर भार पडू देऊ नये. खाट चुलीच्या धुरापासून लांब ठेवावी. धाप लागली तर उशा-गोधड्यांचा टेकू देऊन अर्धवट बसवावे, दार उघडे ठेवावे आणि चेहऱ्यावर हातपंख्याने सावकाश वारा घालावा. वीज नसलेल्या घरातही एवढे करता येते.

२. मनाची वेदना

“डॉक्टर, बाला काही सांगू नका. तो खचेल.” हे वाक्य शहरातल्या फ्लॅटमध्ये आणि पाड्यावरच्या कुडाच्या घरात सारखेच ऐकू येते. त्यामागे माया असते. पण आजारी माणसाला स्वतःचे अंग कळत असते. कपडे सैल झालेले, आवाज बसलेला, बायको पाठ फिरवून डोळे पुसते हे त्याला दिसत असते. मग घरात दोन नाटके चालतात. घरचे ‘तू बरा होशील’ म्हणतात आणि तो ‘हो’ म्हणतो. शेवटचे, बोलायचे दिवस त्यात निघून जातात.

जव्हारकडच्या एका पाड्यावर तोंडाचा कर्करोग झालेले एक गृहस्थ होते. त्यांना बोलता येत नव्हते. घरातल्या कोणीही त्यांच्यासमोर आजाराचे नाव काढले नव्हते. एका संध्याकाळी त्यांनी मेव्हण्याला बोलावले आणि खुणेने दाखवले : पत्र्याच्या पेटीत वनपट्ट्याचा कागद आहे, शेळ्या धाकट्या मुलीला द्यायच्या, पेरणी थांबवायची नाही. त्यांना सगळे माहीत होते. हे बोलायला कोणी तरी समोर बसेल, एवढीच ते वाट पाहत होते.

खरे सांगणे म्हणजे डोक्यात दगड घालणे नव्हे. आधी विचारावे : “बा, तुला काय वाटतं, आजार कसा चाललाय?” मग गप्प राहून ऐकावे. त्याने जेवढे विचारले तेवढेच, साध्या शब्दांत सांगावे. “आता औषधाने आजार जाणार नाही असं डॉक्टर म्हणतात. पण दुखू द्यायचं नाही आणि तुला एकटं ठेवायचं नाही, हे आम्ही ठरवलंय.” या दोन वाक्यांत खरेपणा आहे आणि आधारही आहे. त्याला ऐकायचे नसेल, तर जबरदस्ती करू नये. आज नाही तर उद्या तो विचारील. मुलांनाही दूर ठेवू नये. आजी कुठे चालली आहे हे न सांगितलेली मुले स्वतःच काहीतरी भयंकर कल्पना करतात.

घरात सेवा करणारी व्यक्ती बहुधा एकच असते : सून, बायको किंवा शाळा सोडलेली मुलगी. तिची झोप, तिचे जेवण यांकडे कोणाचे लक्ष नसते. ती चिडली म्हणून तिला दोष देऊ नये. आठवड्यातून दोन दुपारी दुसरे कोणी तरी खाटेजवळ बसले पाहिजे.

३. संसाराची वेदना

वधस्तंभावरूनही प्रभूने आपल्या आईची व्यवस्था लावली. तिला प्रिय शिष्याच्या हाती सोपवले आणि त्या शिष्याने तिला आपल्या घरी नेले. ‘माझ्यामागे यांचे काय?’ हा प्रश्न त्याच्याही मनात होता. आपल्या रुग्णांना रात्री जागे ठेवणारा प्रश्नही बऱ्याचदा हाच असतो.

पहिली गोष्ट कर्जाची. आजार बरा होण्याची आशा असताना खर्च करणे योग्यच आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगाच्या अनेक उपचारांचा खर्च निघतो. मुंबईत राहण्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती अशा संस्था रुग्णांना आसरा देतात. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णाला आणि सोबत्याला रेल्वेच्या भाड्यात सवलत असते. पण आशा संपल्यानंतर, ‘काहीतरी केले पाहिजे’ म्हणून उचल घेऊन केलेला खर्च रुग्णाच्या मागे उरलेल्यांना फेडावा लागतो. ती उचल फेडायला पावसाळा सरल्यावर सगळे कुटुंब भट्टीवर जाते आणि मुलांची शाळा सुटते. असे पैसे उभे करण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे : “या उपचाराने हे बरे होतील का? नसतील, तर बरे तरी वाटेल का? किती दिवस?” तिन्हींची उत्तरे मिळाल्याशिवाय बैल सोडू नये. खर्च थांबवणे म्हणजे माया थांबवणे नव्हे.

दुसरी गोष्ट कागदांची. रुग्ण शुद्धीत असतानाच रेशनकार्ड, आधार, बँकेचे पासबुक, सातबारा, वनपट्टा एका पिशवीत ठेवावेत. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेला पट्टा विकता येत नाही, पण वारसाला मिळतो, आणि विवाहित असल्यास तो पती-पत्नी दोघांच्या नावे असतो, हे घरातल्या बाईला माहीत असावे. कर्करोगाने काम बंद झालेल्या गरीब रुग्णाला संजय गांधी निराधार योजनेत अर्ज करता येतो, तो तहसील कार्यालयात होतो. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातला मुख्य कमावता माणूस १८ ते ५९ या वयात गेला, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २०,००० रुपये एकदाच मिळतात. हे अर्ज भरून देणे ही आपल्या कार्यकर्त्याची सेवाच आहे.

४. आत्म्याची वेदना

“मी कोणाचं काय वाईट केलं?” हा प्रश्न खाटेवरून येतो. त्याला ‘पापाचे फळ’ असे उत्तर देण्याचा मोह प्रार्थना करायला आलेल्यांनाही होतो. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाविषयी तोच प्रश्न विचारला. पाप याने केले की याच्या आईबापांनी? प्रभूने दोन्ही उत्तरे नाकारली. आपणही नाकारावीत.

पाड्यावर याच प्रश्नाचे दुसरे रूप दिसते : कोणी करणी केली? एखाद्या एकट्या विधवेकडे बोट दाखवून तिला भुताळी ठरवले जाते. असे ठरवून छळणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. अशा वेळी आजार कशाने होतो हे शांतपणे समजावून सांगावे, तंबाखू-मिश्रीचा संबंध सांगावा, आणि त्या बाईच्या घरीही जाऊन यावे.

ईयोबाचे मित्र दुरून आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कोणी शब्द बोलले नाही. त्यांनी केलेली सर्वांत चांगली सेवा हीच. बोलू लागल्यावर त्यांनी त्याला घायाळ केले. भेटीला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. पंधरा मिनिटे हात धरून बसणे हे लांब उपदेशापेक्षा अधिक उपयोगी असते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. आपण ज्यांची सेवा करतो त्यांतले बरेच जण ख्रिस्ती नाहीत. मरणाच्या दारातला माणूस अडलेला असतो. त्याची असहायता ही आपली संधी नव्हे. प्रार्थना करण्यापूर्वी विचारावे : “तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?” नको म्हणाले, तर तितक्याच प्रेमाने कूस बदलावी, पाणी द्यावे. त्यांना भगताला बोलवायचे असेल, आपल्या देवाला नारळ ठेवायचा असेल, तर आपण अडवू नये. औषध मात्र बंद होऊ नये, एवढेच पाहावे. सेवा कशाच्या तरी बदल्यात दिली, तर ती सेवा राहत नाही.

५. शेवटचे दिवस

शेवटचे दिवस जवळ आले की घरचे घाबरतात आणि नेमके तेव्हाच माणसाला गाडीत घालून रुग्णालयाकडे धावतात. खाचखळग्यांच्या रस्त्यावर, गाडीतच प्राण गेल्याच्या कहाण्या आपल्या भागात कमी नाहीत. काय होणार हे आधी माहीत असेल, तर भीती कमी होते.

भूक जाते. ‘खात नाही म्हणून खंगतोय’ असे आपल्याला वाटते, पण खरे उलटे असते : शरीर थांबू लागले म्हणून भूक गेलेली असते. जबरदस्तीने भरवल्यास ठसका लागतो, अन्न श्वासनलिकेत जाते. सलाइनचा हट्टही धरू नये. या अवस्थेत त्यामुळे अंगाला सूज आणि छातीत घरघर वाढू शकते. ओल्या फडक्याने तोंड पुसावे, ओठांना खोबरेल तेल लावावे. शेवटचे पाणी घालण्याची आपली रीत आहे. ती पाळताना बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये, कापसाच्या बोळ्याने ओठ आणि जीभ ओली करावी. गोळी गिळता येईनाशी झाली, तर डॉक्टरांना फोन करून दुसरा मार्ग विचारावा, वेदनेचे औषध आपणहून थांबवू नये.

झोप वाढते. हातपाय गार पडतात. श्वास मध्येच थांबतो, पुन्हा सुरू होतो. घशात घरघर होते. ती ऐकणाऱ्याला जितकी त्रासदायक वाटते तितकी त्या माणसाला होत नसते. त्याला कुशीवर वळवावे. ऐकू येणे बहुधा शेवटपर्यंत टिकते, म्हणून खाटेजवळ भांडणे, हिशेब, रडारड करू नये. नाव घेऊन बोलावे. माफी मागायची असेल तर मागावी, द्यायची असेल तर द्यावी. ‘आम्ही सांभाळून घेऊ’ असे सांगावे.

माणूस रुग्णालयात असेल, तर श्वासाचे यंत्र लावायचे की नाही हा प्रश्न येतो. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. बरे होण्याची आशा नसताना यंत्रांवर ठेवू नये, अशी इच्छा माणसाला आधीच लिहून ठेवता येते. २०२३ साली त्याची पद्धत सोपी झाली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ती लिहिता येते. ही कोणाचा जीव घेण्याची परवानगी नव्हे. मरण जेव्हा येतच आहे, तेव्हा त्याच्या वाटेत यंत्रे उभी न करण्याची ही मुभा आहे.

घरी मृत्यू झाल्यास रुग्णालयाचे कागद दाखवून डॉक्टरांकडून दाखला घ्यावा आणि २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करावी. वारसाची कामे आणि योजनांचे पैसे याच दाखल्यावर अवलंबून असतात.

६. आपला वाटा

बेथानीत त्या स्त्रीने प्रभूच्या मस्तकावर मौल्यवान सुगंधी तेल ओतले, तेव्हा जवळचे लोक कुरकुरले. एवढी नासाडी कशाला, गरिबांना दिले असते. आजही मरणाऱ्यावर वेळ आणि श्रम खर्च करताना कोणी तरी असेच म्हणते : जाणाराच आहे, कशाला? प्रभूने तिची बाजू घेतली. तिला जेवढे शक्य होते तेवढे तिने केले, असे तो म्हणाला. तिला त्याचे मरण टाळता येणार नव्हते. तरीही त्याच्या देहाची तिने केलेली सेवा वाया गेली नाही, आणि जगभर तिची आठवण सांगितली जाईल असे त्याने म्हटले.

केरळमध्ये हे काम केवळ डॉक्टरांवर सोडलेले नाही. कोझिकोडला १९९३ साली सुरू झालेल्या प्रयत्नातून पुढे शेजाऱ्यापाजाऱ्यांची फळी तयार झाली. दुकानदार, रिक्षावाले, गृहिणी, विद्यार्थी थोडे प्रशिक्षण घेऊन रुग्णांच्या घरी जाऊ लागले. २००८ साली तिथल्या सरकारने उपशामक सेवेचे धोरणच केले. आपल्या पाड्यांवर हे अशक्य नाही. कोणाच्या घरी मयत झाली की सगळा पाडा लाकडे आणि तांदूळ घेऊन धावतो. तोच पाडा दोन महिने आधी, माणूस जिवंत असताना, आळीपाळीने धावला तर?

प्रत्येक मंडळीने या तिमाहीत एवढे करावे : तीन-चार जणांचा गट नेमावा. आशा सेविकेला भेटून गावात असे रुग्ण किती आहेत ते विचारावे. मॉर्फिन कोणत्या संस्थेत मिळते याची चौकशी करून फोन नंबर भिंतीवर लावावा. एकाने औषध आणावे, एकाने दुपारी खाटेजवळ बसावे, एकाने कागद भरावेत, एकाने त्या घरचे पाणी भरावे. पाणी भरणे हीसुद्धा उपशामक सेवाच आहे.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात किंवा सोसायटीत आज असा रुग्ण कोण आहे? त्याच्या चार वेदनांपैकी कोणतीकडे सर्वांत कमी लक्ष जाते?
२. ‘त्याला सांगू नका’ असे आपण का म्हणतो? त्यात त्याची भीती किती आणि आपली किती?
३. ईयोबाचे मित्र कुठपर्यंत बरोबर होते आणि कुठे चुकले?
४. कर्ज काढून केलेला शेवटचा उपचार आणि घरी केलेली सेवा, या दोन्हींविषयी कुटुंबाशी कोणत्या शब्दांत बोलता येईल?

प्रार्थनेसाठी विषय

• आज रात्री वेदनेने जागे असलेल्या रुग्णांसाठी, आणि त्यांच्याजवळ जागणाऱ्यांसाठी.
• तालुक्याच्या रुग्णालयांतून मॉर्फिन सहज मिळावे यासाठी.
• सेवा करून थकलेल्या सुना, बायका आणि मुलींसाठी.
• आपल्यापैकी प्रत्येकाला, आपल्या हाती जेवढे आहे तेवढे तरी करण्याची बुद्धी मिळावी यासाठी.

तुमची सेवेतील बहीण,
बेव्हर्ली पार्क, मीरा रोड (पूर्व)